पट्टाबाईंची न सांगता घातलेली फेरी

माझ्या मोठ्या जाऊबाईंना अख्खं गाव पट्टाबाई म्हणतं आणि त्या खुशाल ओ देतात. एकोणीस वर्षं झाली, गावातल्या तिशीपुढच्या प्रत्येक माणसाच्या दंडाला पट्टा बांधून त्या रक्तदाब मोजताहेत. दर महिन्याचा पहिला सोमवार आणि मंगळवार त्यांच्या फेरीचा. घरात शिरल्या की आधी माणसाला पाच मिनिटं बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले, हाताखाली घडी केलेली चादर आणि तोंड बंद. एकदा हेडमास्तर मोजता मोजता भाषणावर आले, तर बाईंनी त्यांना असं गप्प केलं की वर्गातली पोरंसुद्धा चार दिवस खूश होती.

त्यांच्या वहीत आकड्यांशेजारी बारीक अक्षरात कारणंही असतात. शिंप्याने मोटरसायकल घेतली, चालणं सुटलं, दाब चढला. पोस्टमनची सासू तिच्या दुसऱ्या लेकीकडे राहायला गेली आणि त्याच महिन्यात पोस्टमनचा दाब अठराने उतरला. हे त्यांनी खरंच लिहून ठेवलंय. पोस्टमनच्या बायकोने वाचलं, तेव्हा तिचा चढला.

गेल्या दोन वर्षांत मात्र सगळ्यांचेच आकडे गुणी पोरांसारखे वागायला लागले. आरोग्य खात्याच्या वरच्या ऑफिसातले साहेब गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, कमाल केलीत. तुमचं गाव आता आटोक्यात." बाईंचा सत्कार ठरला. त्याच कागदावर खाली आणखी एक ओळ होती. गाव आटोक्यात आलं, म्हणून गावातल्या दाबाच्या फुकट गोळ्या आणि महिन्याची फेरी बंद. ज्याला लागतील त्याने अठ्ठावीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात जावं. तिकडे जायला दिवसाला एकच गाडी, तीही मनात आलं तर येणारी.

पुढच्याच आठवड्यात माझा नवरा वखारीत करवतीपुढे उभा असताना त्याचा डावा हात लुळा पडला. तोंड वाकडं झालं. मालकाने धावत जाऊन बटण बंद केलं म्हणून हात तरी जागेवर राहिला. चौथ्या दिवशी तोंड सरळ झालं, हात नाही झाला.

जाऊबाई वही घेऊन त्याच्या खाटेशी बसल्या. वर्षभराचे आकडे, एकशे सव्वीस, एकशे अठ्ठावीस, एकशे चोवीस. "भावजी, हे कसं?" त्यांनी विचारलं.

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "वहिनी, तुमच्या फेरीच्या आधी चार दिवस घ्यायचो गोळ्या. तुमची वही खराब दिसायला नको, म्हणून. सगळेच घेतात तसं."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेले. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? मीही तेच करत होते. गोळीने डोकं गरगरायचं, कामं राहायची. आणि बाईंवर गावाचा जीव. त्यांना चांगला आकडा द्यायचा, जसं पाहुण्यांसमोर घर झाडून ठेवतात. केवढा मूर्खपणा, पण केला तो प्रेमाने.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई फेरीला निघाल्या. महिन्याची बावीस तारीख होती, कुणाला काही कल्पना नाही. शिंप्याला मशीनवरून उठवलं, हेडमास्तरांना वर्गातून बाहेर बोलावलं, वखारीतल्या माणसांना ओंडक्यांवर ओळीने बसवलं. पाच मिनिटांची शांतता मात्र कुणालाच चुकली नाही. मला दूध केंद्रावर गाठलं. एकशे शहात्तर, खालचा एकशे चार. मला वाटलं आता चार शब्द सुनावतील. त्यांनी आकडा लिहिला, पट्टा गुंडाळला आणि पुढच्या दारी गेल्या. सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं.

गावात आरडाओरडा झाला. शिंपी म्हणाला, "बाईंनी चोरासारखं धरलं आम्हाला." दोन घरांनी तर दार लावून घेतलं. बाई दाराबाहेर पायरीवर बसून राहिल्या. तासाभराने आतल्यांनाच बाहेर यावं लागलं, गुरांना पाणी पाजायचं होतं.

सत्काराच्या दिवशी शाळेचा हॉल भरला. साहेबांनी हार पुढे केला, तसा बाईंनी तो बाजूला ठेवला आणि वही पुढे केली. "हे खरे आकडे. गाव आटोक्यात आल्याच्या तुमच्या कागदावर मी सही करणार नाही."

साहेब हसले. "बाई, ठरलेल्या दिवसाबाहेरचं मोजमाप धरता येत नाही. आणि तुमच्या एकटीच्या म्हणण्यावर मी वर काय सांगू? लोकांनाच विचारू." ते हॉलकडे वळले. "गोळ्या चुकवल्या असतील त्यांनी हात वर करा बरं."

एकही हात हलला नाही. एकोणीस वर्षं ज्यांच्या दंडाला हात लावला, ती माणसं मान खाली घालून बसली होती. जाऊबाईंचा चेहरा बघून माझ्या अंगाचा भडका उडाला.

मी उठले. "माझं लिहा, साहेब. दोन वर्षं चुकवल्या. एकशे शहात्तर आहे माझा. आणि बाईंना खोटं पाडाल तर तो इथेच दोनशे होईल."

"ताई, तुम्ही बाईंच्या घरच्याच," साहेब म्हणाले. "एक घर म्हणजे गाव नव्हे."

तेवढ्यात माझा नवरा उभा राहिला. त्याने उजव्या हाताने आपला डावा हात मनगटाशी धरला आणि डोक्याच्या वर नेला. तो हात तिथे टिकेना, घसरायला लागला, तसा त्याने पुन्हा वर ओढला.

मागून शिंप्याने हात वर केला. मग पोस्टमन, त्याची बायको, वखारीची अख्खी ओळ, आणि अगदी शेवटी, घसा खाकरून, हेडमास्तर.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. कुणीतरी हात खाली घेऊ लागलं, तशा जाऊबाई कडाडल्या, "वरच ठेवा! साहेबांचं मोजून होऊ दे."