मामांची जीप आणि विहिरीचं पाणी

आमच्या आत्याचे यजमान जन्माला आले नसते, तर हिंदुस्थानातल्या निम्म्या विहिरींचं पाणी कसं लागतं हे कुणालाच कळलं नसतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. वसईजवळचं आमचं सगळं सांडोर गाव त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही मामाच म्हणायचो. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला पंचा आणि कमरेला सुतळीनं अडकवलेला तांब्या असा त्यांचा थाट होता. कुणाच्याही घरी गेले की आधी विहिरीवर जायचे, माणसांची पाळी नंतर. पाण्याचा घोट तोंडात घोळवायचा, डोळे आभाळाला लावायचे आणि घोट गिळला की निकाल द्यायचा. "हलकं हाय." "जड हाय." पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलगा, घर, नोकरी सगळं पसंत पडलं होतं, पोहेही खाऊन झाले होते. तेवढ्यात हे विहिरीवरून परत आले आणि भर बैठकीत म्हणाले, "पोरगा बरा हाय, पन पानी जड हाय. पोरीचे केस जातील." लग्न मोडता मोडता राहिलं. त्या पुतणीची वेणी अजून कमरेपर्यंत येते, पण मामांनी आपला निकाल कधी मागे घेतला नाही.

मागे येणं हा प्रकारच त्यांच्याकडे नव्हता. लष्कराच्या लिलावातून त्यांनी एक म्हातारी जीप घरी आणली होती. तिचा रिव्हर्स गिअर पहिल्या आठवड्यातच गेला. दुरुस्त करून घ्या म्हटलं तर मामा म्हणाले, "मागे कशाला जायचं? पुढे रस्ता नाय काय?" गाडी गॅरेजात तोंड घालून शिरे आणि बाहेर काढायला चार शेजारी लागत. या गॅरेजचीही एक गोष्ट आहे. आमच्याकडे वाडीत, विहिरीच्या जवळ, पावसाचं पाणी साठवायला तळं खणलेलं असतं. त्याला बावखल म्हणतात. मामांच्या आजोबांनी खणलेलं बावखल होतं. जीपला घर हवं म्हणून मामांनी ते बुजवलं. "बेडकांशिवाय हाय काय त्यात?" असं म्हणत त्यांनी आठ दिवस दगडमाती टाकली आणि वर पत्र्याचं झकास गॅरेज उभं केलं. आम्ही सगळ्यांनी नारळ फोडून त्यांचं अभिनंदनसुद्धा केलं.

पुढच्या तीन वर्षांत विहिरीचं पाणी मचूळ झालं. पानवेल पिवळी पडली, केळीची पानं कडेनं जळू लागली. घरातला चहा कडू लागायला लागला, तेव्हा आत्या चहापुरतं पाणी शेजाऱ्यांच्या विहिरीवरून कळशीनं आणू लागली. जगाचं पाणी तपासणाऱ्या माणसाच्या घरी चहा शेजाऱ्याच्या पाण्याचा! मामांना हे फार लागलं. त्यांनी समुद्राला दोष दिला, सरकारला दिला, पलीकडच्या वाडीतल्या पंपाला दिला. तेवढ्यात वाडीला गिऱ्हाईक आलं. तेव्हा वसईत इमारती उठायला लागल्या होत्या आणि एक बांधकामवाले शेठ दर रविवारी ओट्यावर येऊन बसत. मामांनी त्यांना सांगितलं, "येवढा मोठा देश हाय. गोड पान्याची जागा शोधून येतो. गावली की वाडी तुमची." लग्न होऊन आल्यापासून आत्यानं इथलं एकेक नारळाचं झाड हातानं पाणी घालून वाढवलं होतं. तिचं म्हणणं काय, असं मी तिला विचारलं. पालकाच्या जुड्या बांधता बांधता ती म्हणाली, "मना कोन विचारते?"

मी शाळेत भूगोल शिकवत असल्यामुळे मला रस्ते ठाऊक असणार, असा मामांचा गैरसमज होता. मे महिन्याची सुट्टी लागल्याबरोबर मला जीपमध्ये बसवण्यात आलं. मागे गादी, स्टो, सुकेळीचे म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचे पुडे, सुक्या बोंबलांचं एक पोतं आणि या सगळ्यांच्या मध्ये आत्या. बोंबलांचा मोठा फायदा झाला. प्रत्येक नाक्यावर शिपाई ऐटीत येई, ताडपत्री उचले आणि लगेच खाली सोडून "जाव, जाव" म्हणे. मी नकाशा उघडला की मामा एक नजर टाकून विचारत, "यात विहिरी कटे हायत?" नसत. मग नकाशा मिटायचा आणि विहीर दिसेल तिकडे गाडी वळायची. अशानं आम्ही म्हैसूरजवळ एका बोळात अडकलो. पुढे भिंत आणि मागे जाता येत नाही. शेवटी गावकऱ्यांनी जीप उचलून फिरवली. मामांनी खाली उतरून सगळ्यांना सुकेळी वाटली आणि तिथल्या विहिरीचंही पाणी चाखलं.

आमचा देश फार मोठा आहे, पण मामांना पसंत पडेल असा नव्हता. बेळगावचं पाणी छान, पण माती तांबडी. मदुरेकडे केळी मोठी, पण लोक त्यांच्याशी बोलेनात, कारण मामा त्यांच्याशी आमच्या वसईकडची वाडवळी बोली बोलत. एका गावी पाणी, माती, माणसं सगळं उत्तम निघालं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर मामा म्हणाले, "ताजी कोलंबी कटे मिलनार अटे?" आत्या पदर तोंडाला लावून हसली. त्या प्रवासात ती पहिल्यांदाच हसली होती.

परतीच्या वाटेवर आंध्रातल्या एका खेड्यात मात्र मामा हरले. घोट घेतला, आभाळाकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. इतकं गोड पाणी त्यांनी जन्मात चाखलं नव्हतं. विहिरीचा मालक म्हातारा होता, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. मामांनी विचारलं, "ऐसा मीठा कैसा?" म्हाताऱ्यानं शेजारचं तळं दाखवलं. "बारिश का पानी इसमें रुकता, धीरे धीरे कुएँ में जाता. मेरा दादा खोदा." मग त्यानं अगदी सहज विचारलं, "तुम्हारे कुएँ के बाजू में क्या है, साब?"

मामांनी उरलेलं पाणी ओतून टाकलं आणि तांब्या परत कमरेच्या सुतळीला अडकवला. मी आत्याकडे पाहिलं. ती जीपकडे पाहत होती.

तिथून पुढे आम्ही एकाही विहिरीवर थांबलो नाही. नागपूर, धुळे, नाशिक कधी आलं आणि गेलं, कळलंच नाही. कसारा घाट उतरताना मामा एकदाच म्हणाले, "गॅरेज." एवढंच.

महिन्याभराच्या धुळीनं माखून आम्ही सकाळी हमरस्ता सोडला. वाऱ्याला खारा वास आला, केळीच्या बागा दिसायला लागल्या आणि मागे बसलेल्या आत्यानं हात जोडले. मला वाटलं, आता मामा आरामात बसतील, शेजारी येतील, प्रवासाच्या गप्पा होतील. पण त्यांनी जीप फाटकाबाहेर चिंचेखाली उभी केली, तोंडसुद्धा न धुता कुदळ उचलली आणि गॅरेजच्या जमिनीत पहिला घाव घातला. संध्याकाळी बांधकामवाले शेठ बातमी काढायला आले तेव्हा मामा गुडघाभर खड्ड्यात होते आणि मी, भूगोलाचा शिक्षक, घमेली टाकत होतो. शेठनी विचारलं, "मग काय, मिळाली जागा?"

"मिलाली," मामा म्हणाले. "पन तिच्यावर मीच पत्रा टाकलेला."

पाऊस यायच्या आत आळीतल्या माणसांच्या मदतीनं बावखल पुन्हा मोकळं झालं. पहिल्या वर्षी विहिरीत फारसा फरक पडला नाही. लोक हसले, मामांनी दुसऱ्या उन्हाळ्यात ते आणखी दोन हात खोल केलं. जीप चिंचेखालीच राहिली आणि पुढे तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. चांगले होते हो, फार चांगले होते. कुठल्याही नव्या गावी गेलो की माझी नजर अजून आधी विहीर शोधते. पण मला आठवतात ते दुसऱ्या पावसाळ्यानंतरचे मामा. मी सहज गेलो होतो. त्यांनी विहिरीतून तांब्याभर पाणी काढलं, घोट घेतला, आभाळाकडे पाहिलं. मी निकालाची वाट पाहत उभा. मामांनी घोट गिळला. तांब्या त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आत्यापुढे धरला.

"तू सांग," ते म्हणाले.

आत्यानं दोन घोट घेतले, पदरानं तोंड पुसलं आणि तांब्या तसाच घेऊन स्वयंपाकघराकडे वळली.

"बसा सगळी," ती म्हणाली. "च्या ठेवते."