दुसरी किल्ली

निघताना ती दारात पिशवी उलटी करायची. डबा, कंगवा, मिश्रीची डबी, बसचं चुरगळलेलं तिकीट. "बघून घ्या, ताई." मग सगळं पुन्हा भरून चपला घालायची. माझ्याकडे हे नको, असं मी शंभरदा सांगितलं. उत्तर ठरलेलं. "सवय बरी हाय. उद्या कोणी बोलायला नको."

तुमच्याही घरी अशी एखादी येत असेल, कपाचा कान तुटला तरी तो तुकडा दाखवायला आणणारी. ही पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची. गंगापूर रोडच्या आमच्या इमारतीत चार घरची कामं करायची. बोलणं कमी, पण माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवताना तोंड मोकळं. "काल मीठ राहिलं होतं का? आज दोन्ही दिवसांचं पडलंय."

मी एकटी राहते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे तीच. एकदा बाथरूममध्ये पाय घसरून मी तासभर पडून होते. त्यानंतर घराची दुसरी किल्ली तिला दिली. तिने ती गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली. "तुमचं घर गळ्यात घालून फिरते," असं कौतुकाने सांगायची.

एका सकाळी भांड्यांना हात लावण्याआधी तिने उजवा हात माझ्यापुढे धरला. कोपराच्या खाली, बाहेरच्या बाजूला, इस्त्रीच्या टोकाचा लालभडक डाग. चौथ्या मजल्यावरच्या मॅडमने टेकवली म्हणाली. साडी जळाली म्हणून. "तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतील त्या."

चौथ्या मजल्यावरची मॅडम म्हणजे माझी मैत्रीण. रोज संध्याकाळी आम्ही दोघी जॉगिंग ट्रॅकवर फिरायचो. मी विचारलं, "घाईत तुझ्याच हातून लागली नसेल ना?"

"इस्त्री मी उजव्या हाताने धरते, ताई. मग उजवाच हात कसा भाजेल?"

मी वर गेले. मैत्रिणीने चहा टाकला. "अगं, या बायकांना सुट्टीला निमित्त लागतं." मला ते लगेच पटलं. पटायलाच हवं होतं, नाहीतर संध्याकाळची सोबत गेली असती.

खाली येऊन मी तिला म्हटलं, "जाऊ दे, गैरसमज झाला असेल. ये, मलम लावते."

तिने मलम लावून घेतलं. सगळं काम केलं, भांडी पालथी घातली. निघताना दोऱ्यातून किल्ली सोडवून ओट्यावर ठेवली. मी सवयीने दारात उभी होते, पिशवी उलटी व्हायची वाट बघत.

"आज काय नाय दाखवायचं," ती म्हणाली. "दाखवलं ना सकाळीच."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. फोन बंद. वॉचमन म्हणाला, गावी गेली. त्या दुपारी मी माझी इस्त्री काढली. गारच. उजव्या हातात धरून तिचं टोक त्याच हाताला, कोपराच्या खाली लावून बघितलं. कशीही वळवली तरी पोचत नाही.

मैत्रिणीला मी काहीच बोलले नाही. फिरायला जाणं तेवढं बंद केलं. माझं धैर्य एवढंच.

आता नवी बाई येते. काम झालं की पिशवी खांद्याला लावून सरळ निघून जाते. दुसरी किल्ली दारामागच्या खिळ्याला आहे, आतल्या बाजूला. अंघोळीला जाताना मी भिंतीला धरून चालते.