शेजारणीचा ब्लॉग

नवऱ्याला आयर्लंडमधल्या लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टरची नोकरी लागली म्हणून मी इथे आले. गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे पहिलं वर्ष घरातच गेलं. दुकानात न्यायची ती शेजारीण. झिम्बाब्वेची, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, वृद्धाश्रमात काम करणारी. सुट्टीच्या दिवशी ती ब्लॉग लिहायची. इथल्या थंडीत कुंडीत पालेभाजी कशी लावली, केसांचं काय करायचं, बस स्टॉपवर कोण काय बोललं, असं सगळं. केनिया, घाना, नायजेरियातल्या बायकांचे ब्लॉग ती वाचायची आणि त्या हिचा.

"आमच्याबद्दल शोधलं की दुसऱ्यांनी लिहिलेलं वर येतं," ती म्हणायची. "आमचं आम्ही लिहिलेलं कुठेतरी तळाशी."

मग एका आठवड्यात ते वर आलं. तिने लिहिलं होतं की बस स्टॉपवर एक बाई तिला पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "पण तू मूळची कुठली?" ते सोशल मीडियावरच्या कुणा मोठ्या खात्याने टिंगल करत पुढे पाठवलं आणि शिव्यांचा पाऊस सुरू झाला. मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचत होते. एका जुन्या पोस्टमध्ये तिच्या कुंड्यांचा फोटो होता आणि मागे आमचं फाटक. त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, "ही गल्ली मला माहीत आहे."

मी फोन नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "अगं, तिला सांग तो फोटो काढून टाकायला. आपलंही घर दिसतंय त्यात."

मी गेले तर फोटो तिने आधीच काढून टाकला होता. पडदे ओढलेले होते. गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, फोन करून झाला होता; नोंद करून घेतो म्हणाले होते. पण शनिवारची गोष्ट राहिलीच होती. ब्लॉग लिहू इच्छिणाऱ्या आफ्रिकन बायकांसाठी तिने एक हॉल घेतला होता आणि तसं ब्लॉगवर जाहीरही केलं होतं.

"रद्द कर," मी म्हटलं.

"रद्द केलं तर त्यांना कळेल, की असं घाबरवलं की काम होतं." मग तिने विचारलं, "तू येशील?"

मी हो म्हटलं.

शनिवारी बायका कमीच आल्या. कुणी तान्हं बाळ घेऊन, कुणी ड्यूटीवरून थेट. बाहेर एक पांढरी व्हॅन उभी होती आणि आत बसलेला माणूस उतरत नव्हता. ती लॅपटॉपवर दाखवत होती, पोस्टला शीर्षक कसं द्यायचं म्हणजे शोधणाऱ्याला सापडतं. माझं लक्ष सगळं खिडकीकडे. व्हॅनचं दार वाजलं तेव्हा तिचा आवाज एक क्षण अडखळला आणि पुन्हा सुरू झाला.

माणूस आत आला तो फोन समोर धरूनच. "पैसे कोण देतं तुम्हाला ह्या सगळ्याचे?"

"खुर्ची घे," ती म्हणाली. "आमचं चालू आहे."

तो बसला नाही. एकेकीच्या तोंडासमोर फोन नेत फिरला. बाळ रडायला लागलं. मग तो माझ्यासमोर येऊन थांबला. "आणि तू? तू तर आफ्रिकन नाहीस."

"मी तिची शेजारीण," एवढंच बोलले.

तेवढ्यात मागे बसलेल्या एका नायजेरियन मुलीने आपला फोन काढून त्याच्यावर धरला. दुसरीनेही धरला. त्याने झटकन हुड डोक्यावर ओढलं, काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. व्हॅन सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत कुणी हललं नाही. मग शेजारीण पाणी प्यायली आणि तिने राहिलेला भाग शिकवला. तिचं टायपिंग चुकत होतं.

संध्याकाळी त्याचा व्हिडिओ आला. हुड ओढून निघून गेल्याचा भाग कापलेला, मी मात्र होते. नवऱ्याने दोनदा पाहिला.

"आवाज कापतोय तुझा," तो म्हणाला.

"हो."

तो उठला, दोघींच्या दारांवर लावायला कॅमेरे मागवले आणि मग शेजारणीला विचारायला गेला, की तिचा कुठल्या बाजूने लावायचा.

घराकडे कुणी फिरकलं नाही. तरी पुढचे कित्येक आठवडे गाडी हळू झाली की मी खिडकीशी जायचे. शेजारणीने त्या दिवसाबद्दल लिहिलं. हॉलमधल्या दोघींनी स्वतःचे ब्लॉग सुरू केले. त्यांनाही शिव्या येतात. त्या दिवसाचं लिहिलेलं ब्लॉगवर टाकण्याआधी तिने मला विचारलं होतं, "तुझ्याबद्दल काय लिहू?"

"नाव नको घालूस."

"डॉक्टरची बायको?"

"नको," नवरा आतून ओरडला. "त्या दिवशी ती त्या माणसाला काय म्हणाली, तेच लिही."