पारंपरिक म्हणून छापलेली चाल

ज्या गाण्यानं आमचं पथक देशभर गाजलं, त्याची चाल पारंपरिक नव्हती. ती माझ्या मित्राची होती. पारंपरिक म्हणून मी सांगितलं, जाणूनबुजून.

सत्तर सालच्या आसपास आम्ही तिघं कोल्हापुरात रस्त्यावर गायचो. मी गाणारा, मित्र डफवाला, तिसरा तुणतुणं वाजवत मागून साथ द्यायचा. कसबा बावड्यात साखर कारखान्यासमोर उसाच्या बैलगाड्यांची लांब रांग लागे. गाडीवान बसल्या जागी डुलक्या घेत, बैल संथ रवंथ करीत, आणि त्या गोड-आंबूस वासात आमचे आवाज तरंगत राहत. तिथंच एका दुपारी, बैलांच्या घुंगरांच्या नादात, मित्राला ती चाल सुचली. अर्धवट झोपेतून बोलल्यासारखी त्यानं ती गुणगुणली. एक म्हातारा गाडीवान ओरडला, "थांबू नगा की पावणं! बैलंबी ऐकाय लागल्यात."

मग जत्रा, मग रेडिओ, मग मुंबईत रेकॉर्डिंग. स्टुडिओच्या गारव्यात डफाचं कातडं सैल पडलं, म्हणून मित्र ते तापवायला बाहेर उन्हात गेला. तेवढ्यात कंपनीच्या माणसानं विचारलं, "चाल कोणाची?" मित्राचं नाव घेतलं तर माझ्याकडे नुसता गळाच उरतो, असं मनात आलं. "पारंपरिक," मी म्हणालो. तुणतुणेवाल्यानं मान खाली घातली.

रेकॉर्डवर तेच छापून आलं. मित्रानं ते बराच वेळ वाचलं. "म्हंजे मी आज्या-पणज्याच्याबी आदी जल्मलो व्हय रं?" तो हसला. मीही हसलो. दिल्लीच्या मंडपात हजारो माणसांनी ती चाल गुणगुणली. मला ते पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटलं. त्यानंतर मित्र मुरगूडला आपल्या गावी गेला, तो परत आलाच नाही.

बऱ्याच वर्षांनी तुणतुणेवाला भेटला. त्यानं सांगितलं, मुरगूडच्या हॉटेलात रेडिओवर ते गाणं लागलं की लोक मित्राला हाक मारतात, "ए पारंपरिक, तुझं गाणं लागलंय बघ!" ती चाल आपली आहे, असं मित्रानं तिथं एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून गावात तो थापाड्या ठरला होता.

बाजाराच्या दिवशी मी त्या हॉटेलात गेलो. तो कोपऱ्यात चहा पीत होता, केस पांढरे झालेले. मी उभ्यानंच मोठ्यानं म्हणालो, "रेडिओवरच्या त्या गाण्याची चाल ह्याची हाय. खोटं ह्यो न्हाय, मी बोललो हुतो."

मी त्याच्याकडे वळलो. "तुझं नाव ओठावर आलतं, मी गिळलं. चुकलो गड्या. माफ कर मला."