झाडाला टेकवलेली कुऱ्हाड

सांगलीत कुनाबी जुन्या मानसाला इचारा, दारातलं झाड उतरवायचं तर कुनाला बोलवायचं. हरिबाचं नाव सांगंल. तोडायचं न्हाई म्हनलो मी, उतरवायचं. तोडनारी लय हुती. लढाईच्या दिवसांत लाकडाच्या कोळशावर मोटारी चालायच्या, तवा जो उठंल तो कुराड घिऊन रानात शिरायचा. पर दोन घरांच्या मधी उभं असल्यालं झाड कौलाला धक्का न लावता शेंड्यापस्नं एकेक फांदी करून खाली आनायचं, हे काम हरिबाचं. मिरजंपस्नं कराडापतूर त्येला बोलावनं यायचं.

तो वर चढायचा आन मी, गुंडा, त्येचा खालचा मानूस. त्येच्या कमरंला दोर, दोर वरच्या बेचक्यातनं खाली, आन टोक माझ्या हातात. पाय निसटला तर म्या तोलून धरायचा. वीस वरसांत दोनदा धरलाय. मी तोंडाचा फटकळ, डोस्कं लगीच फिरनारं. तो दिसभरात चार शब्द बोलला तर लय झालं. त्येची बायको साळूबाई मला म्हनायची, "भावजी, ह्येंच्या वाटचं समदं तुमीच बोलून घेता." खरंच हुतं ते.

काम त्येनंच मला शिकिवलं. जित्या झाडाची फांदी काढायची तर आदी खालनं चीर मारायची, मग वरनं, म्हंजी साल फाटत न्हाई. काढल्या जागी शेन-माती कालवून लिपायची, म्हंजी पानी मुरत न्हाई. हत्यार खाली ठेवायचं तर पातं झाडाकडं करून, म्हंजी कुनाचा पाय कापत न्हाई. हे शेवटचं त्येनं माझ्याकडनं इतक्यांदा करून घेतलं, की मी घरात इळी ठेवली तरी पातं भित्तीकडं जायचं. बायको हसायची मला.

आन एक रीत हुती. अख्खं झाड काडायचं असलं की आदल्या सांजंला हरिबा बुंध्याला हळद-कुकू लावायचा, पान-सुपारी ठेवायचा, आन कुराड झाडाला टेकवून हुबी करायचा. "उद्या येतो, पाखरांनी जागा बगावी," येवढंच म्हनायचा. सकाळी कुराड हुबी असली तर झाडाची ना न्हाई. पडली असली तर झाड नगं म्हनतंय. मिरजंत एकदा एका फनसाखाली पडली हुती. आठ दिसांनी परत टेकवली, तवा हुबी ऱ्हायली, मग काडला फनस.

तेचाळीस सालची गोष्ट. हळदीच्या पेठंत अडत असल्यालं नानासो, त्येंच्या घराच्या मागच्या अंगनात जुनी चिंच हुती. हरिबानं कुराडीच्या मागल्या बाजूनं बुंध्यावर ठोकून बगितलं. आतनं पोकळ वाजलं. "हे झाड वाऱ्यात टिकत न्हाई," तो नानासोला म्हनला, "अख्खंच काडाय पायजे." नानासो व्हय म्हनलं. उमाबाई, म्हंजी त्येंची मालकीन, दारात हुब्या हुत्या. त्येंची पोरगी दोन सालामागं देवी येऊन गेलेली. तिचा झोका ह्याच चिंचंला हुता, फांदीवर दोराचं वळ अजून दिसत हुतं. बाई ते बगून आत गेल्या.

त्या सांजंला हरिबानं कुराड टेकवली. आता माझं सांगतो. दुसऱ्या दिशी मामाच्या गावची जत्रा हुती. कुस्त्यांचं मैदान लागनार, कोल्लापूरचं पैलवान येनार. म्या हरिबाला म्हनलं, "एक दीस म्होरं ढकल की गड्या." तो म्हनला, "झाडाला सांगून झालंय." बास. वर न्हाई, खाली न्हाई. माझं डोस्कं सनकलं. वीस वरसं ह्येचा दोर धरतोय आन एक दीस मागितला तर झाडाचं नाव सांगतोय.

फटफटताना दोर घिऊन मी त्येच्या आदी अंगनात पोचलो. कुराड हुबी हुती, हुबीच ऱ्हानार हुती. म्या ती उचलली आन खाली ठेवली. येवढंच केलं. मनात म्हनलं, आठ दिसांनी काडू, झाड काय पळून जातंय. मग परत भाईर गेलो आन हरिबासंगं आल्यावानी आलो.

त्येनं कुराडीकडं बगितलं. लय येळ बगितलं. मग उचलली, पुसली, आन नानासोला म्हनला, "यंदा न्हाई. बोजड फांद्या तेवड्या उतरवून देतो कवातरी. तवर ह्या अंगाला कुनी बसू-उठू नका." आठ दिसांचं नावबी काडलं न्हाई. मी चरकलो. पर तोंड उघडलं न्हाई, दुपारला जत्रंला गेलो. कुस्ती बराबरीत सुटली.

वैशाखात वळवाचा वारा आला. साळूबाई त्या दिशी नानासोकडंच हुती, उमाबाईंच्या कुरडया घालायला. ऊन तितंच म्हनून, हरिबाचं सांगनं इसरून, वाळवन मागच्या अंगनातच घातल्यालं. वारा सुटला तशा समद्या बाया घरात पळाल्या. ही वाळवनाचं लुगडं गुंडाळायला थांबली. भिजलं तर चार दिसाची मेहनत जाईल म्हनून. चिंच बुडातनं मोडली आन आडवी अंगनात आली.

सांगावा आला तवा आमी दोघं हरिबाच्या दारात करवतीला धार लावत हुतो. आमी गेलो. साळूबाई खोडाखाली हुती, लुगडं हातात हुतं. संपलं हुतं समदं. मानसं म्हनाय लागली, खोड ढकलून बाजूला करू. हरिबा म्हनला, "नगं. घसरंल तिच्यावर." आन त्येनं काम सुरू केलं. एकेक फांदी. आदी खालनं चीर, मग वरनं. मी दोर लावून वडत हुतो, तो सांगंल तिकडं. त्येच्या तोंडावर काय न्हवतं. माझ्याबी न्हवतं. हात आपलं आपलं चालत हुतं, कुनी दुसरंच करतंय आन आमी बगतोय असं वाटत हुतं.

तिला काडली, बायांनी आत नेली. मागं वळून बगतो तर हरिबा शेन-माती कालवत बसल्याला. बुंध्याच्या मोडल्या जागी लिपाय लागला. म्या त्येचा हात धरला. "हरिबा, आता काय ऱ्हायलंय त्येचं." तो म्हनला, "व्हय की." आन हात धुतलं.

त्येच्या म्होरं तीन वरसं कशी गेली म्हनाल तर मला धड आठवत न्हाई. कामाला जायचो, यायचो. तो चढायचा, मी दोर धरायचो. कुराड तो टेकवायचाच, रीत सोडली न्हाई. दुपारी भाकरी सोडायचा, निम्मी माझ्याम्होरं सरकवायचा. मी खायचो. रोज सकाळी मनात म्हनायचो आज सांगतो, आन रोज सांजंला म्हनायचो उद्या. मग ते म्हनायचंबी बंद झालं. दात दुखून दुखून बधिर व्हतो ना, तसं झालं हुतं. लाज वाटायची, पर तीबी सवयीची झाली.

लढाई संपल्यावर सालभरानं नानासोच्या घरनं बोलावनं आलं. म्होरच्या आंब्याची एक फांदी वाळून कौलावर आली हुती. हरिबा म्हनला, "त्या घरात मी जात न्हाई."

"का रं?"

"त्या बाईच्या दारात पानी प्यायचं न्हाई मला. तिनं कुराड पाडली."

म्या इचारलं, "कुनी?"

"उमाबाईनं. पोरीच्या झोक्यासाठी. मला त्याच सकाळी कळलं हुतं, कुराड पडल्याली न्हाई, कुनीतरी ठेवल्याली हाय. पडली असती तर पातं मातीत रुतलं असतं. मला वाटलं, आईचा जीव हाय, ऱ्हाऊ दे यंदा. म्हून गप बसलो." जरा थांबून म्हनला, "तिचं ऐकलं आन माझी गेली."

म्हंजी तीन वरसं त्येनं त्या बाईवर मनात डूख धरला हुता. साळूबाईच्या वरसाच्या सराद्धाला उमाबाई सोता शिधा घिऊन आल्या हुत्या, तवा ह्येनं दार लावून घेतलं, ते मला आता समजलं. बाई हुंबऱ्यावर शिधा ठेवून रडत गेल्या हुत्या. मी तितंच हुबा हुतो.

"उमाबाईनं न्हाई," मी म्हनलो. "म्या. जत्रा हुती."

त्येनं मारलं असतं तर बरं झालं असतं, खरं सांगतो. तो बसला तितंच बसून ऱ्हायला. मग हळूच म्हनला, "पातं झाडाकडं हुतं."

"व्हय."

"बाई मानसाला ते कुठनं सुचावं. मला तवाच कळाय पायजे हुतं."

दुसऱ्या दिशी सकाळी तो माझ्या दारात आला. "चल," म्हनला. आमी नानासोच्या घरी गेलो. उमाबाई दारात आल्या, त्येला बगून पायरीवरच थांबल्या. हरिबानं टोपी काडली. "बाई, वाईच पानी द्या," म्हनला. त्येंनी तांब्या आनला. त्येनं वंजळीनं अख्खा तांब्या पिला आन तोंड पुसलं. बाईंच्या डोळ्याला धार लागली हुती. हा आज का आला ते त्येंना कुनी सांगितलं न्हाई, त्येंनीबी इचारलं न्हाई.

मग तो आंब्याशी गेला. कमरंला दोर बांधला, वरच्या बेचक्यातनं टाकला. मी सवयीनं हात म्होरं केला. त्येनं टोक उचललं, शेजारच्या नारळाच्या बुंध्याला दोन वेढं घातलं, गाठ मारली, आन वडून बगितली.

"तू हुबा ऱ्हा नुसता," म्हनला, आन वर चढला.

आदी खालनं चीर, मग वरनं. मी खाली हुबा हुतो, दोन्ही हात रिकामं.