मैदानावरचे काका

काचा कापणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्याला 'हेडमास्तर' म्हणत. त्याने जन्मात कुणाला बाराखडीसुद्धा शिकवली नव्हती. देश सोडून तो नवानवा तिथे कामाला लागला, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारलं, वडील काय करतात? तिथली भाषा तेव्हा त्याला मोडकीतोडकीच येत होती. "शाळेत होते," एवढंच तो म्हणाला, आणि ते खरं होतं. "मास्तर का?" असं समोरच्याने विचारलं, तेव्हा याने मान हलवली. आपल्याकडची मान ती, हो की नाही ते तिचं तिलाच ठाऊक. समोरच्याने हो धरलं. पुढे दोन-चार तोंडांतून फिरता फिरता मास्तरचा हेडमास्तर झाला, आणि बापाची बढती मुलाला चिकटली. खोडून काढायला एक वाक्य पुरलं असतं. पण परक्या मुलखात फुकट मिळालेला मान कोण परत करतो? याने तरी नाही केला.

वडील शाळेत शिपाई होते. घंटा द्यायचे, फळे पुसायचे, सामने असले की मैदानावर फक्कीच्या रेघा मारायचे. शाळेतली झाडून सगळी पोरं त्यांना काका म्हणत. हाही त्याच शाळेत. पहिल्याच दिवशी वडिलांनी बजावलं होतं, "घरी बाबा म्हण. शाळेत मात्र सगळ्यांसारखं काकाच म्हणायचं. उगाच पोरं चिडवतील." तो शहाण्यासारखा काका म्हणत राहिला. कधी चुकून 'बाबा' तोंडून निघालं तर तो स्वतःच जीभ चावायचा. फुटबॉल तो त्या फक्कीच्या रेघांमध्येच शिकला.

आणि फुटबॉलनेच त्याला नव्या देशात उभं केलं. कारखान्यात भल्यामोठ्या काचा रबरी कप चिकटवून चौघांनी मिळून उचलायच्या, भिंतीशी फेल्टच्या पट्ट्यांवर टेकवायच्या. बोलायला फुरसत नसायची, आणि सुट्टीत सगळे बोलायचे ते कालच्या मॅचबद्दल. याने संध्याकाळी टीव्हीसमोर बसून सगळ्या टीम पाठ केल्या. ज्या टीमवर मुकादमाचा जीव, तीच याचीही झाली. जित्याची खोड म्हणा, साहेबाच्या हो ला हो. मग एका रविवारी एक गडी कमी पडला म्हणून याला मैदानात ढकललं आणि याने डाव्या पायाने असा काही गोल हाणला की मुकादमाने त्याला उचलूनच घेतलं. मुकादम हाच टीमचा कप्तान. त्या दिवसापासून हेडमास्तरांशिवाय टीमचं पान हलेना.

आई गेल्यावर वडील एकटे पडले, म्हणून त्याने त्यांना थोडे दिवस इकडे बोलावून घेतलं. पहिल्याच रविवारी ते मॅच बघायला आले. डोक्यावर माकडटोपी, अंगात मुलाचा जुना कोट, बाह्या बोटांपर्यंत. गुपचूप बघत बसतील तर शपथ! "हाण रे! अरे झोपलास काय, मागे बघ!" सगळं मैदान वळून बघायला लागलं. तेवढ्यात चेंडू रेघेबाहेर गेला, तर हे म्हातारपण विसरून धावले, चेंडू उचलला, मफलरने स्वच्छ पुसला आणि खेळाडूच्या हातात अदबीने दिला. दोन्ही हातांनी. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांच्या ओरडण्याची त्याला लाज वाटली नाही, ओरडणारे बाप तिथेही होते. लाज वाटली ती त्या दोन हातांची. शाळेत साहेबांपुढे रजिस्टर धरायचे ते असेच धरायचे. आता कुणालाही दिसेल हे हेडमास्तराचे हात नाहीत, असं त्याला वाटलं.

मध्यंतरात कप्तानाने विचारलं, "कोण रे हे आजोबा? भलतेच हौशी आहेत."

"काका," तो म्हणाला. शाळेची सवय अशी उपयोगाला आली. एवढ्यावर थांबला असता तरी निभलं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला आणखी एक कड लावल्याशिवाय चैन पडत नाही. "दूरचे. आले आहेत थोडे दिवस."

'काका' हा शब्द सगळ्यांना तोंडात ठेवायला सोपा गेला. दर रविवारी चेंडू बाहेर गेला की "काका!" अशी हाक पडायची आणि बाबा धावायचे. घरी परतताना खुशीत असायचे. "किती गोड पोरं रे! आपल्या शाळेचीच आठवण झाली. काका म्हणायला तूच शिकवलंस ना त्यांना?"

"हो," तो म्हणाला.

"बरं केलंस," बाबा म्हणाले. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय, असं त्याने बायकोला सांगितलं.

हंगामाच्या शेवटच्या मॅचला कप्तानाने टूम काढली, की यंदाच्या फोटोत प्रत्येकाने आपल्या वडिलांना शेजारी उभं करायचं. "तुझे हेडमास्तर राहिले तिकडे लांब," कप्तान त्याला म्हणाला, "तू माझ्या वडिलांशेजारी उभा राहा." याने मान हलवली. घरी एक अक्षर बोलला नाही. पण गोलकीपरच्या बायकोने त्याच्या बायकोला दुकानात गाठून सगळं सांगितलं. झालं! बायकोने सासऱ्यांचा शर्ट इस्त्री केला आणि वर एक वाक्य घोकून घेतलं, तिथल्या भाषेतलं: मी याचा बाप. बाबा आरशासमोर उभे राहून ते वाक्य म्हणायचे आणि हसायचे. एकदा तो दारातून ऐकत उभा राहिला. आत जाऊन सांगावं असं फार वाटलं. आपण दळभद्री आहोत हेही त्याला त्या घडीला स्वच्छ कळलं, पण पाय आत वळले नाहीत.

मॅच जिंकली. एकेकाचे वडील मैदानात आले, रांग लागायला लागली. बाबांनी टोपी काढून खिशात घातली, केस सारखे केले, आणि सरळ कप्तानासमोर जाऊन उभे राहिले. छाती पुढे काढून, एकही चूक न करता ते वाक्य बोलले.

कप्तान गोंधळला. याच्याकडे वळून म्हणाला, "बाप? हे तर तुझे ते दूरचे काका ना?"

एवढ्या सगळ्या बोलण्यातून बाबांना एकच शब्द कळला, काका. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर चुका करून उभी असलेली पोरं त्यांनी जन्मभर पाहिली होती. त्यांना विचारावं लागलं नाही.

"काका सांगितलंयस होय?" ते हळूच म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मग मला आधी सांगायचंस ना रे. मी कशाला तोंड उघडलं असतं?"

आणि कप्तानाकडे वळून त्यांनी जोरजोरात मान हलवली, हसले, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "काका. काका." म्हातारा चुकीचं वाक्य शिकून आला, असंच कुणालाही वाटलं असतं. कप्तान हसला. बाबा रांगेतून बाहेर पडले आणि इकडेतिकडे पडलेले चेंडू गोळा करायला लागले.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. धरणी कुठली दुभंगते! त्याने कप्तानाचा दंड धरला. "ते माझे वडील आहेत," तो म्हणाला. या खेपेला मान न हलवता, नीट, व्याकरणशुद्ध.

कप्तानाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत अगदी माया होती. "कळतं रे मला," तो म्हणाला. "मलाही काकांनीच वाढवलं. ज्यांना मी वडील म्हणतो ना, ते माझे काकाच. आपल्यासाठी तेच बाप."

दुसऱ्यांदा सांगायला त्याची जीभ उचलली नाही. कप्तानाच्या वडिलांनी त्याला जवळ ओढून घेतलं, बिचाऱ्याचा बाप लांब आहे म्हणून. फोटो काढणाऱ्याने सगळ्यांना हसायला सांगितलं. पलीकडे बाबा जाळीच्या पिशवीत चेंडू भरत होते. आपण फोटोत येतोय की काय असं वाटून ते पिशवी घेऊन आणखी मागे सरकले.