फोनमधला तंबोरा

पाहुण्या बुवांच्या झब्ब्याला इतकी कडक इस्त्री होती, की स्टेजवर आधी झब्बा बसला आणि मग बुवा. त्यांच्या मागे तंबोरा घेऊन मी होते.

माझं गाव पुसदकडचं. शाळा आठवीत सुटली, आणि फिरत फिरत रायपूरला तात्यापारा मोहल्ल्यात एका गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे स्वयंपाकाला लागले. पोळ्या लाटणाऱ्या हातात त्यांनीच तंबोरा दिला. "तुह्या हाताले घाई नाही," म्हणाल्या. त्यांचे उपकार फिटण्यातले नाहीत. म्हणूनच मला सदा धास्ती, आपल्या हातून काही बिघडेल म्हणून.

बाईंना वेगळी धास्ती होती, कान जाण्याची. "ज्या दिवशी हा तंबोरा मले ऐकू येणार नाही, त्या दिवशी क्लास बंद," असं त्या शिकायला येणाऱ्या पोट्ट्यांसमोर बोलून बसल्या होत्या. आणि बाई बोलल्या म्हणजे बोलल्या. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाने बाहेरून येणाऱ्या बुवांच्या गाण्यासाठी त्यांचा तंबोरा आणि माझा हात मागितला, तेव्हा त्या लहान पोरीसारख्या खूश झाल्या. दुपारभर स्वतः तारा पुसल्या, तारांखालचे दोरे सरकवून झणकार जुळवून दिला, आणि पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

स्टेजमागे मी तंबोरा लावत होते, तर बुवा म्हणाले, "ताई, कशाला त्रास घेताय? स्वर माझ्या फोनमधून येणार. तुम्ही मागे बसून नुसती बोटं फिरवा. आवाज नको बरं का."

"मग मी कशाला?"

"स्टेज भरल्यासारखं दिसतं."

त्यांच्याबरोबर आलेले पेटीवाले यावर हसले. बुवा शिंकले असते तरी हे गृहस्थ 'क्या बात है' म्हणाले असते. तबल्यावर आमच्या रायपूरचेच भैया होते. ते हळूच म्हणाले, "बैठ जाओ दीदी. मेरा भी माइक आधा ही खुलवाया है इन्होंने." मी तरीही तंबोरा पुरता लावला. बिनसुराचा तंबोरा मांडीशी धरणं मला जमत नाही.

मग भाषणं. प्रमुख पाहुण्यांनी संगीताने गाई जास्त दूध देतात असं सांगितलं, शाल घेतली, आणि बुवांनी पहिला सा लावायच्या आत आपला अख्खा लवाजमा घेऊन निघून गेले. उरलेल्यांत निम्मे व्हिडिओ काढत होते. बुवा डोळे मिटून गायचे, पण मधून एक डोळा उघडून कोण काढतंय ते बघायचे. चुकीच्या जागी दाद आली की तिथेच परत जायचे, म्हणजे ती परत मिळेल.

मी तारांवरून बोटं फिरवत होते, न छेडता. त्यांच्यासमोर ठेवलेला फोन गुणगुणत होता. आणि पहिल्या रांगेत बाईंनी कानामागे हात धरला.

आधी उजव्या. मग डाव्या. मग त्या खुर्चीत पुढे सरकल्या. माझी बोटं फिरताना त्यांना दिसत होती, गाणं ऐकू येत होतं, आणि आपल्या तंबोऱ्याचा झणकार तेवढा येत नव्हता. त्यांनी शेजारच्या बाईला काहीतरी विचारलं. ती मोबाईलमधून मान न काढता "हव, बहुत बढ़िया" म्हणाली. बाईंनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. तो चेहरा मला बघवेना.

मी तार छेडली. मग दुसरी. मग चारही, बाईंनी शिकवल्या तशा, घाई न करता.

तबल्यावरच्या भैयांनी मागे पाहिलं, मान डोलावली. बुवांनी मात्र गाता गाताच मागे हात करून तळवा हलवला. थांबवायला. समोरच्यांना वाटलं बुवा रंगात आले. "वाह, पंडितजी" झालं, टाळ्या झाल्या. आता दाद मिळालेला हात बुवा कसा मागे घेणार? त्यांनी तो तसाच हवेत फिरवत नेला, आणि पेटीवाले 'क्या बात है' म्हणाले. मी छेडत राहिले. खाली बाईंनी डोळे मिटले होते.

गाणं संपल्यावर बुवा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वेळी शिकलेलं कोणी द्या." मंडळाचे सेक्रेटरी, ज्यांना पेटी आणि तंबोऱ्यातला फरक विचारून बघावा, लगेच "हो हो" म्हणाले.

परतताना ई-रिक्षात तंबोरा आमच्या दोघींच्या मांडीवर आडवा.

"सुरुवातीले मले वाटलं, गेले कान," बाई म्हणाल्या.

मी फोनचं सगळं सांगितलं.

"मंग गळा तरी काहून आणला त्यानं? तोही फोनमध्येच ठेवाचा."

"मले आता बोलावणार नाहीत, बाई."

"नको बोलावू दे." त्यांनी तंबोऱ्यावरची खोळ नीट केली. "पोट्ट्यांले सांगून दे, उद्या क्लास आहे."